तीन भोंगे

टाकळीच्या माळावर सुंदररावांची दगडखाण आहे. तिथं सुरुंग कधी उडेल याचा पूर्वी काही नेम नसायचा. कधी सकाळी बायका खुरपायला वाकल्या की, कधी भर दुपारी. खाणीला लागून सत्यभामाचं रान. एकदा नारळाएवढा दगड तिच्या कापसात येऊन पडला, बैलापासून दोन हातांवर. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, खाण बंद करा.

हे ऐकलं की रहेमतबीचं डोकं फिरायचं. वीस वर्षं ती त्याच खाणीत दगड फोडत होती. खाण बंद झाली तर तिनं आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी जायचं कुठं? दोघी वाटेत समोरासमोर आल्या तर एकमेकींकडं न बघता पुढं जायच्या.

मार्चमध्ये बीडहून वर्षाराणी आली. खाणींच्या आसपास राहणाऱ्या बायकांच्या आणि मजुरांच्या हक्कांसाठी अनुदान देणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून ती म्हणाली, "अट एकच आहे. खाणीतल्या बायकांनी आणि शेतातल्या बायकांनी मिळून एक काम मागायचं."

"हिच्यासंगं?" सत्यभामा आणि रहेमतबी एकदमच म्हणाल्या. सगळा ओटा हसला.

"तुम्ही दोघी बोला," वर्षाराणी म्हणाली. "मी चहा घेऊन येते."

वर्षाराणी उठून गेली. मग रहेमतबीनं विचारलं, "तुमाला खाण कावून बंद पायजे, बाई? आमच्यावर राग हाय का?"

"तुमच्यावर कशाचा राग? दगडाचं भ्या वाटतं. रानात गेलं की सारं ध्यान वर आभाळाकडं."

"मंग आमाला वाटत न्हाई का? मागच्या साली माज्या नणंदेच्या पायावर दगड आला. मुकादम वरडला म्हणं. तिला ऐकूच आलं न्हाई."

सत्यभामाला हे ठाऊकच नव्हतं. खाणीतल्यांना सुरुंगाचं सगळं आधी कळतं, असंच ती धरून चालली होती. ती जरा जवळ सरकली. "आता कसा हाय पाय?"

वर्षाराणी परत आली तेव्हा मागणं ठरलं होतं. सुरुंगाची वेळ बांधलेली पाहिजे, आणि त्याआधी शिवारभर ऐकू जाईल असा भोंगा पाहिजे.

पोळ्याच्या सुमाराला अनुदान मंजूर झालं. भोंगा आला, धोक्याच्या हद्दीला रोवायचे लाल झेंडे आले, आणि माजलगावच्या एका वकीलबाईनं खाणीच्या परवान्याची नक्कल काढून दिली. ग्रामसभेत ती सत्यभामानं वाचली. शाळा चौथीपर्यंतच झालेली. बोट ठेवून, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. सुरुंग ठरलेल्या वेळीच, आणि इशारा दिल्यावरच उडवायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

मागच्या रांगेत रहेमतबी पदर मुठीत धरून बसली होती. मालक उद्यापासून कामाला येऊ नका म्हणाले तर?

"खाण माजी, दगड माजा," सुंदरराव म्हणाले, "आन् टाइम तुमी ठरवणार?"

"आमी कुठं, भावजी?" सत्यभामानं नक्कल पुढं केली. " खाली सही तुमचीच हाय."

सभेत खसखस पिकली. सुंदररावांनी चष्मा लावला, सही बघितली, पुन्हा बघितली. सही त्यांचीच होती. शेवटी तेही हसले. "बरं. किती वाजता म्हणता?"

"एक वाजता. भाकरीची सुट्टी असती. रानातलं माणूस बी घरी नाहीतर झाडाखाली असतं."

"ठीक हाय. भोंगा मुकादम वाजवील."

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. "रहेमतबी वाजवतील. आत कोण राहिलं, कोण भाईर आलं, त्यांना नीट ठाऊक असतं."

रहेमतबीनं पदर सोडला. तिचं नाव असं भरसभेत कधी कुणी घेतलं नव्हतं.

पहिल्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं. पहिल्या भोंग्याला सगळ्यांनी बाहेर यायचं, दुसऱ्याला सुरुंग, तिसरा झाल्यावरच परत आत जायचं. पहिला वाजला तशी कुत्री भुंकायला लागली, बायका खाणीबाहेर आल्या. रहेमतबीनं एकेकीचं नाव घेत सगळ्या मोजल्या. सुंदरराव मात्र पांढऱ्या कपड्यांत, कमरेवर हात ठेवून झेंड्यांच्या आतच उभे होते.

रहेमतबीनं बटणावरचा हात काढला. "मालक, झेंड्याच्या मागं या."

"अगं, मी मालक हाय."

"म्हणून तर म्हणते. तुमाला काय झालं तर आमी सही कुणाची दाखवायची?"

लोक फिसकन हसले. सुंदरराव मागं आले आणि सत्यभामाच्या शेजारी उभे राहिले. दुसरा भोंगा झाला. जमीन हादरली, धुळीचा लोट उठला आणि हळूहळू खाली बसला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. रहेमतबीची नणंद टाळ्या वाजवायला लागली, तशी सगळ्यांनीच वाजवल्या.

सुंदररावांनी पाऊल उचललं. "जाऊ का आता?"

"थांबा, मालक," रहेमतबी खाणीवरची नजर न काढता म्हणाली. "तिसरा व्हायचाय."

ते थांबले.