उत्तरेला सांगितलेलं

हनोख पेणकर ठाण्याचं घर आवरून जर्मनीला लेकीकडे आले, ते ज्यूंच्या पेसाखच्या सणासाठी, दोनेक महिन्यांपुरते. जूनमध्ये ते पुढं इस्राएलला जाणार होते, कायमचे. थोरला मुलगा रूबेन अश्दोदला राहत होता. त्याच्या गल्लीत मराठी बोलणारी बेने इस्राएल माणसं भरपूर, म्हणजे कोकणातले ज्यू, शनवारी घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत ती. कागदपत्रं झाली होती, तिकीट निघालं होतं. सिमोनाचं घर बाड हॉम्बुर्गला, तेव्हा वाटेत थोडे दिवस लेकीकडे आणि नातीकडे, असा बेत होता.

सिमोना फ्रँकफर्टच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायची. तिचा नवरा श्रीरंग पुण्याचा, हिंदू. पेणकरांनी लग्नाला विरोध केला नव्हता, पण इतक्या वर्षांनीही ते जावयाला ‘अहो श्रीरंगराव’ म्हणत. पाच वर्षांच्या अन्वीला मराठी सगळं समजे. उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देई, आणि आजोबा तिला मराठीतच पुढचा प्रश्न विचारत.

पेणकर शाळेत इतिहास शिकवायचे. देवभोळे नव्हते, पण धर्मग्रंथातले नबी जे बोलून गेले ते एक दिवस घडणार आणि आपल्या डोळ्यांसमोर घडतंय, यावर त्यांचा विश्वास होता. जेवताना ते सांगायचे, “यशया काय म्हणतो? पूर्वेकडची तुझी लेकरं देव आणणार, पश्चिमेकडची गोळा करणार. उत्तरेला सांगणार, सोड त्यांना. दक्षिणेला सांगणार, अडवू नकोस. आता बघ, रशियातून आले, इथिओपियातून आले. आमच्या नवगावच्या किनाऱ्यावरून गेले. अडीच हजार वर्षांपूर्वी हे कुणाला सुचलं असतं?”

“पप्पा, लोक विमानानं गेले, पासपोर्टवर गेले,” सिमोना म्हणायची. “त्यात नबी कुठं आला?”

“पासपोर्ट काय आपोआप निघतो?”

श्रीरंग हसायचा. त्याला सासऱ्यांचं ऐकायला आवडायचं.

एकदा फुटपाथवर बसवलेल्या पितळी चौकोनांपाशी पेणकर थांबले. समोरच्या घरातून ज्या ज्यूंना नाझींनी नेऊन मारलं त्यांची नावं त्यांवर कोरलेली होती. वाकून त्यांनी सगळी वाचली. “नावं आपल्याकडचीच आहेत गं,” ते म्हणाले. “आपल्याला हिंदुस्तानात कुणी बोटसुद्धा लावलं नाही. मला कुणी हाकलत नाहीये. म्हणून तर मी जाणार ते बोलावणं आलं म्हणून, हे मला नक्की कळतं.”

जूनमध्ये तिकडे युद्ध पेटलं, आकाश बंद झालं आणि पेणकरांचं विमान रद्द झालं. रूबेनच्या घराजवळच्या एका इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. फोनवर तो म्हणाला, “सिमोना, पप्पांना सांग, आत्ता नको. जरा निवळू दे.” तिनं तसं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

जुलैत पेणकरांना चक्कर आली. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं. डॉक्टरीण म्हणाली, काही आठवडे विमानप्रवास नको. सिमोनानं रूबेनला कळवलं, तेही खरंच होतं.

त्याच सुमारास अन्वीच्या किटामधल्या, म्हणजे बालवाडीतल्या, दोन बाई आजारी पडल्या आणि मुलांना दुपारी दोनलाच घरी न्या असा निरोप आला. श्रीरंग आठवड्यातले तीन दिवस कामासाठी दूर हॅम्बर्गला असायचा. सिमोनाचं नवं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि तिला स्वतःची टीम सांभाळायला मिळायची शक्यता होती. पेणकर म्हणाले, “मी आहे ना. मी आणतो अन्वीला.” ते रोज जाऊ लागले. अन्वी रोलरवरून, पायानं ढकलायच्या स्कूटरवरून, पुढं, ते काठी टेकत मागं. वाटेत बेकरीत दोघं ब्रेत्सेल नावाचा एक खारा पाव अर्धा अर्धा खायचे. सिमोना संध्याकाळी एस-फाइव्ह लोकलनं घरी यायची तेव्हा मूल जेवलेलं असायचं आणि वरण-भाताचा वास यायचा. ऑगस्टमध्ये तिला टीम मिळाली.

तोवर विमानं सुरू झाली होती आणि चक्कर पुन्हा आली नव्हती. रूबेननं विचारलं, “पप्पा कसे आहेत? येतील आता?”

“अजून नाही रे दादा,” ती म्हणाली. “थकलेत. डॉक्टर नको म्हणतात.” एवढं बोलून झाल्यावर तिला वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू.

त्याच संध्याकाळी पप्पांनी विचारलं, “रूबेन काय म्हणतो?”

“थांबा म्हणतो. अजून निवळलेलं नाही.”

पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रूबेनशी बोलताना ‘थकलेत’चं हळूहळू ‘अंथरुणातून उठवत नाही’ झालं. शुक्रवारी शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आधी बाप-लेक व्हिडिओवर बोलायचे. ते एकमेकांना विचारतील म्हणून तिनं दोघांना वेगवेगळं गाठलं. रूबेनला म्हणाली, “त्यांच्यापाशी प्रवासाचा विषय काढू नको, रडतात.” पप्पांना म्हणाली, “दादाला विचारू नका, नको म्हणताना त्याला त्रास होतो.” मग दर शुक्रवारी दोघं हवेबद्दल, माशांबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलायचे. एकमेकांना जपत, फार गोड बोलायचे. सिमोना स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची आणि भांडी पुन्हा धुवायची.

श्रीरंगनं परदेशी लोकांच्या ऑफिसात खेटे घालून सासऱ्यांचा मुक्काम वाढवून आणला. डॉक्टरांचं जुनं सर्टिफिकेट तिनंच त्याला दिलं होतं. एकदा तो म्हणाला, “पप्पा ठणठणीत दिसतात गं.”

“वरून दिसतात,” ती म्हणाली. त्यानं पुढं विचारलं नाही.

दारफाळणी आली. योम किप्पूरला, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, कोकणातले जुने लोक हेच नाव वापरत, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून सगळे उपास करायचे. पेणकर प्रार्थनेसाठी सिनेगॉगला जाणार होते. तिथं दाराशी पोलिसांची गाडी असायची आणि आत बहुतेक रशियन बोलणारे वृद्ध. निघण्याआधी, पांढरा सदरा घालून ते लेकीसमोर उभे राहिले.

“सिमोना, वर्षभरात माझं काही चुकलं असेल, बोलण्यात, वागण्यात, तर माफ कर हं.”

घरातली रीतच होती ती, आई असल्यापासूनची. आता तिनं तेच वाक्य परत म्हणायचं होतं. ते एकदा म्हटलं असतं तर उरलेलंही बाहेर पडलं असतं, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

“तुमचं काय चुकणार, पप्पा,” ती म्हणाली आणि त्यांचा कोट आणायला आत गेली.

तिनंही उपास केला. कितीतरी वर्षांनी केला. संध्याकाळी डोकं ठणकत होतं, आणि ते ठणकतंय याचं तिला बरं वाटत होतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर, तिकडे युद्ध थांबल्याची बातमी आली त्याच आठवड्यात, एका दुपारी सिमोना घरून काम करत होती. मीटिंग चालू होती. बेल वाजली. पेणकर नुकतेच अन्वीला घेऊन आले होते. त्यांनीच दार उघडलं, हातात अन्वीचं हेल्मेट होतं.

“पप्पा?” बाहेरून आवाज आला. “तुम्ही... तुम्ही चालताय?”

सिमोनानं लॅपटॉप मिटला, मीटिंगमधल्या कुणालाही न सांगता.

दारात रूबेन उभा होता. त्याच्या पायाशी एक सुटकेस आणि एक मोठा खोका होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात, ती हवेची गादी त्यात होती. न कळवता आला होता तो. बापाला एकदा शेवटचं भेटावं म्हणून आला होता.

“चालू नको तर काय करू?” पेणकर हसत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. “अरे, कळवायचं तरी. आणि तू कसा आलास? निवळलं का तिकडे? मला येता येईल आता?”

रूबेन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं.

“तिकडे जुलैपासून विमानं येतायत, पप्पा,” तो हळू म्हणाला. “सिमोना म्हणाली, तुम्हांला उठवत नाही.”

अन्वीनं बूट काढून एका रांगेत ठेवले.

“आत या,” सिमोना म्हणाली. “मी सांगते.”

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं सगळं सांगितलं. कुठं खरं होतं, कुठून खोटं झालं. किटा, टीम, क्षेपणास्त्राची भीती, आणि संध्याकाळचा तो वरणाचा वास. स्वतःची बाजू म्हणून सुरू केलेलं बोलता बोलता तिचं तिलाच ऐकवेना.

रूबेन उठून उभा राहिला. “मी तीन महिने झोपलो नाहीये. दर शुक्रवारी वाटायचं, आज बोलतायत, पुढच्या शुक्रवारी नसतील. आणि तू तिथंच उभी असायचीस?”

“हो.”

“तुला जरासुद्धा काही वाटलं नाही?”

“रोज वाटायचं, दादा.”

“मग?”

सिमोनानं टेबलावरचं अन्वीचं हेल्मेट जवळ ओढलं.

पेणकर खिडकीकडे बघत होते. ते बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

“तू मला विचारलं असतंस तर मी राहिलो असतो. ‘पप्पा, दोन वर्षं थांबा, अन्वीसाठी,’ एवढं म्हणायचं होतं. अडीच हजार वर्षं थांबलेली गोष्ट, अजून थोडी थांबली असती. मी आनंदानं राहिलो असतो गं.” त्यांनी चष्मा काढला. “मी इथं रात्री पडल्या पडल्या म्हणायचो, देवालाच मी तिथं नको असेन. माझं काहीतरी कमी पडलं असेल. उत्तरेला त्यानं सांगितलं, सोड, आणि माझ्यापुरतं उत्तर ऐकत नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट. तू मला तसं वाटू दिलंस.”

सिमोनाला वाटलं होतं, आपण त्यांना दोन-चार महिने उशीर केला. त्यांच्या देवाच्या आणि त्यांच्या मध्ये आपण जाऊन उभ्या राहिलो, हे तिला तोवर सुचलंच नव्हतं. नबींवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून त्या गोष्टीला वजन आहे हेच ती धरून चालली नव्हती.

श्रीरंग हॅम्बर्गहून आला, त्यालाही कळलं. “मी ते सर्टिफिकेट नेऊन दाखवलं,” एवढंच तो म्हणाला आणि सासऱ्यांसमोर जाऊन खाली बसला. पेणकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पंधरवड्यात निघायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मलिदा करायचा होता. एलियाहू नबीचं नाव घेऊन पोहे, खोबरं, साखर आणि फळं, शुभकार्याआधीचा. रूबेननं पोहे भिजवले. सिमोनानं इंडियन शॉपमधून आणलेला नारळ खवला. आपण या ताटाला हात लावावा की नाही, हे तिला कळत नव्हतं, पण कुणी नको म्हटलं नाही. पप्पांनी प्रार्थना म्हटली आणि पहिला घास अन्वीला दिला, दुसरा रूबेनला, तिसरा तिला.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्या विमानाचं काउंटर एका टोकाला, वेगळं. मशीनगन घेतलेले पोलीस उभे होते. अन्वी आजोबांचा हात सोडेना. “वारुम?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. का जाताय म्हणून.

“बोलावलंय मला,” ते म्हणाले.

सिमोना वाट बघत होती, ते एखादा कडक शब्द बोलतील म्हणून. ती तो घ्यायला तयार होती. ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, “अन्वीला आणायला आता कोण जाईल?”

“मी काम कमी केलंय, पप्पा. टीम सोडली.”

“बरं,” ते म्हणाले. मान हलवून आत गेले.

अश्दोदला रूबेननं त्यांना त्यांचा वेगळा फोन घेऊन दिला. आता ते स्वतःच फोन करायचे. खाली बाकावर बसतो, म्हणाले. शेजारी रेवदंड्याचे एक गृहस्थ असतात, दोघांच्या हातात काठ्या. समोर पोरं फुटबॉल खेळतात.

“जखऱ्या नबीनं अगदी हेच सांगितलंय, सिमोना. काठी टेकून बसलेले म्हातारे, आणि रस्त्यात खेळणारी पोरं.”

“मग खरं झालं म्हणायचं?” तिनं विचारलं. या वेळी वाद घालायला नाही.

“अर्धं दिसतं. टीव्हीवर सीमेपलीकडची पडलेली घरं दाखवतात. तिथंही पोरं होती. नबीनं पोरांचं खेळणं सांगितलं, तेव्हा कुणाची पोरं हे मी इतकी वर्षं विचारलंच नाही बघ. आता बाकावर बसून विचारतो.”

डिसेंबरात एका सकाळी अन्वीला तयार करताना सिमोनाच्या लक्षात आलं की पोर आपल्याकडे टक लावून बघतेय.

“मम्मा, हास्ट डू आजोबा आनगेलोगन?” आजोबांशी खोटं बोललीस का? कुणाकडून तरी ऐकलं असेल, किंवा त्या दुपारीच समजलं असेल.

“हो,” सिमोना म्हणाली. “बोलले.”

अन्वीनं थोडा विचार केला. “सॉरी म्हटलंस?” या वेळी तिनं मराठीत विचारलं.

आणि सिमोनाला जाणवलं की त्या टेबलाशी आपण सगळं सांगितलं, कारणं सांगितली, टीम सोडली, नारळ खवला, पण तो एक शब्द म्हटलाच नाही.

किटापासून स्टेशनकडे येता येता तिनं फोन लावला. तिकडे एक तास पुढं होतं. पप्पा चहा घेत होते.

“पप्पा, मला माफ करा. दारफाळणीला म्हणायचं होतं. मी आत निघून गेले.”

“आठवतं मला,” ते म्हणाले. “तू कोट आणायला गेलीस, आणि कोट तर माझ्या अंगातच होता.”

तिला रडू फुटलं. एक बाई कुत्र्याला घेऊन जाता जाता थांबली आणि पुढं गेली.

“माफ केलंय गं,” पप्पा म्हणाले. “इथं आल्यावर पहिल्या शब्बाथलाच केलं. वाईट वाटायचं मात्र थांबलेलं नाही. मध्येच आठवतं आणि घास अडतो. ते तुला सांगायला हवं, म्हणून सांगतो. आता आपल्यात गोड बोलणं नको.”

“नको,” ती म्हणाली.

“ईस्टरच्या सुट्टीत येशील? अन्वीला घेऊन?”

तिकडचे सायरन, जिन्याखालची खोली, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. ‘बघते’ हा शब्द जिभेवर आला होता.

“मला भीती वाटते, पप्पा,” ती म्हणाली. “श्रीरंगशी बोलते आणि रविवारी तुम्हांला सांगते. हो किंवा नाही, जे असेल ते.”

“जा,” ते म्हणाले. “गाडी चुकेल.”

गाडी चुकलीच. ती थंडीत फलाटावर उभी राहिली आणि पुढच्या एस-फाइव्हची वाट बघू लागली.