उलटे पंप

इच्छापोरच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करणारी विशाखा सुट्टीच्या दिवशी हजिऱ्याच्या धक्क्यावर आली, ती रुस्तमकाकांच्या कॅटामरानसाठी. दोन होड्या शेजारीशेजारी जोडाव्यात तशी ती शिडाची बोट. डाव्या होडीचा तळ कोरडा ठणठणीत, तरी तिथला पंप घरघरत होता. उजव्या होडीत मात्र घोटाभर पाणी साचलेलं आणि तिथला पंप गप्प.

विशाखाने उजव्या बाजूचा फ्यूज बदलला, पंपही बदलला. तरी ढिम्म!

"बेन, मागच्या महिन्यात वायरिंग तूच केलंस ना?" शेजारी उभ्या काकांनी विचारलं.

"मीच केलं, काका. म्हणून तर डोकं चालेना."

पाणी चढलं की तरंगून वर येणारा आणि पंप सुरू करणारा एक स्विच प्रत्येक तळात होता. काही सुचेना म्हणून तिने डाव्या होडीत जाऊन तिथला स्विच बोटाने उचलला.

"चालू थयो! इथला चालू झाला!" उजव्या होडीतून काका ओरडले.

विशाखाने स्विच सोडला, तसा तो पंप बंद पडला. मग तिला आठवलं: स्विच तिने बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून जोडले होते आणि पंप पुढच्या टोकाकडे. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली होती.

"चूक माझीच, काका."

काका हसले. "म्हणून आम्ही बोटीवर डावं-उजवं म्हणतच नाही. पुढे बघताना डावी बाजू ती लाल, उजवी ती हिरवी. मग कुठेही तोंड कर, बाजू बदलत नाही."

तिने वायरींची अदलाबदल केली, त्यांवर लाल-हिरव्या पट्ट्या गुंडाळल्या. डावा पंप थांबला, उजव्यातून पाण्याची धार खाडीत पडू लागली. तरीही खात्री पटेना, म्हणून तिने दोन्ही स्विच पुन्हा एकदा उचलून पाहिले.