नाही न म्हणण्याचा नेम

आषाढीला पोखर्णीच्या नरसिंहापुढे मी नेम धरला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फोन नव्हताच. दारात येणारे होते. टोपीला मोरपीस लावून येणारा वासुदेव, देवीची परडी घेतलेल्या आराधणी, नंदीवाला, "गाईच्या चाऱ्याला द्या माय" म्हणणारा गोसावी. माझ्या वैष्णवीची कूस दोनदा रिकामी झाली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी देवापुढे हात जोडून म्हणाले, "पोरगी सुखरूप मोकळी होईपर्यंत तुझ्या नावानं मागणाऱ्याला माझ्या तोंडून नाही निघणार नाही. तू तेवढी तिची ओटी भरलेली राहू दे."

नेम मला नवे नाहीत. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी चहा घेत नाही, पोथीचा अध्याय झाल्याशिवाय जेवत नाही, जेवताना बोलत नाही. आमच्या मास्तरांना, म्हणजे माझ्या यजमानांना, सगळे व्यंकटराव गुरुजी म्हणतात. शाळेतून निवृत्त झालो तरी घंटा काही सुटली नाही, ती आता घरात वाजते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. पण हा नेम त्या सगळ्यांहून वेगळा होता. बाकीचे माझ्यापुरते होते. हा लेकीच्या पोटावर ठेवलेला होता.

पहिला फोन श्रावणात आला. वैष्णवी नुकतीच बाळंतपणाला झरीला आमच्याकडे आली होती. मी वाती वळत बसले होते.

"जय श्रीकृष्ण, माताजी. मी श्रीराम बोलतोय. अन्नदान सेवेकडून."

नाव ऐकूनच माझे हात जुळले. आवाज गोड, शहरी. अनाथ लेकरांना रोज एक वेळ जेवू घालतो, म्हणाला, देवाच्या नावानं काहीतरी द्या. मी हो म्हणाले. वैष्णवीनं मला फोनवरून पैसे पाठवायचं शिकवलं होतं, तसे पाठवले. मन कसं हलकं झालं.

त्या दिवसापासून फोनला खळ राहिली नाही. गोशाळा आली, वृद्धाश्रम आला, कुठल्या तरी डोंगरावरच्या देवळाचा कळस आला. माझा नंबर कुणी कुणाला दिला, देव जाणे. मधूनच कर्जवाले, विमेवाले, प्लॉटवाले. त्यांना नको म्हणायला मला अडचण नव्हती, ते देवाचं नाव घेत नव्हते. तरी "नको बाळा, तुझं भलं होवो" एवढं म्हटल्याशिवाय माझ्यानं फोन ठेववत नसे.

"अनसूया," मास्तर म्हणाले, "तुझा फोन म्हणजे देवळातली दानपेटी झालाय. नुसतं कुलूप तेवढं न्हाई."

"दारातला गोसावी पसाभर ज्वारीवर खूश होतो," वैष्णवी बाजेवरून म्हणाली. "ह्या फोनवाल्यांचं पोट केवढंय? आई, सरळ उचलू नको ना."

"वाजलेला फोन न उचलणं म्हणजे दारातल्याला पाहून कडी लावल्यावानी झालं."

"मग पार गेटच काढून टाक."

ती हसली आणि पोटावर हात ठेवून कुशीवर वळली. तिला नेमाचं ठाऊक नव्हतं. नेम बोलून दाखवला की त्याचं तेज जातं, असं आमच्याकडे मानतात. मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि सांगितलं ते नेमकं त्या श्रीरामला.

भाद्रपदात त्याचा परत फोन आला. मग परत. एकदा तो म्हणाला, "माताजी, तुमच्यासारखं मन मी पाहिलं नाही. तुम्ही कधी नाही म्हणतच नाही." मला भरून आलं. घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट मनात दाटलेली होती, आणि हा देवाच्या कामातला माणूस. मी बोलून गेले. पोरीचं नाव, कितवा महिना, आधी काय झालं, पोखर्णीचा नेम, सगळं. तो मध्ये मध्ये हं हं करत होता. शेवटी म्हणाला, "देवानंच मला तुमच्याकडे पाठवलं."

पुढच्या फोनपासून त्याचा सूर बदलला. गोडच होता, पण त्यात काहीतरी टोचायला लागलं.

"माताजी, वैष्णवीताईंची तब्येत कशी आहे? आमच्या गुरुजींनी पत्रिका मांडली. नववा महिना कठीण दिसतो."

"असं का म्हणता दादा?"

"मोठं अनुष्ठान करावं लागेल. छोट्या देणगीत ते बसत नाही. तुमच्या कार्डावरचे आकडे सांगा, मग एक मेसेज येईल, त्यातला कोड सांगा. बाकी आम्ही बघतो."

माझ्या नावाच्या खात्यात बाळंतपणाचे पैसे होते. जावई योगीराज देवगाव फाट्यावर दुकान चालवतात, त्यांनीही त्यात भर घातली होती. कार्ड देताना त्यांनी बजावलं होतं, "मामी, ह्यातले आकडे साक्षात परमेश्वर आला तरी सांगू नका." तेव्हा मी हसले होते.

"दोन दिवसांनी सांगते," मी श्रीरामला म्हणाले. नाही म्हणाले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग तो रोज फोन करू लागला. पूजा झाली की फोन. स्वयंपाकाला बसले की फोन. "विचार केलात का? उशीर करू नका. नेम धरायचा आणि ऐन वेळी हात आखडायचा, हे चांगलं नाही. मोडलेला नेम ज्याच्यासाठी धरला त्याच्यावर जातो. तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही जाणत्या."

हे तो म्हणाला नसता तरी मला ठाऊकच होतं. तेच तर भय होतं. त्यानं माझ्याच मनातलं भय उचलून माझ्यापुढे ठेवलं. पैसे दिले तर दवाखान्यात काय भरायचं? नाही म्हटलं तर पोरीचं काय होईल? मी वैष्णवीच्या चेहऱ्याकडे बघायला भिऊ लागले. तिनं कमरेला हात लावला तरी मी हातातलं काम टाकून धावायची. ती झोपली की मी तिच्या पोटाकडे टक लावून बसायची, आत हालचाल दिसते का बघत. फोनची घंटा वाजली की हातातलं भांडं निसटायचं. मास्तर म्हणाले, "आजकाल लय भेदरल्यासारखी करायलीस. डोळे तपासायचे का?"

"काही न्हाई," मी म्हणाले.

कार्तिकात एका दुपारी मास्तर शेतावर गेले होते, हरभऱ्याची पेरणी चालली होती. मी पोथी बांधून ठेवत होते. आतून वैष्णवीनं हाक मारली. हाक नव्हती ती.

जाऊन पाहिलं तर ती भिंतीला धरून उभी, पायाखालची फरशी ओली.

"आई, अजून महिना हाय ना गं? असं कसं झालं?"

"बस. बस माय. घाबरू नको." गावातला जीपवाला परमेश्वर दोन गल्ल्या सोडून राहतो. मी फोन उचलला, त्याचा नंबर काढला, आणि बोट लावणार तेवढ्यात फोन हातातच वाजला. बोट त्याच्यावरच पडलं.

"माताजी, आजचा शेवटचा मुहूर्त आहे. आकडे सांगता ना?"

"दादा, पोरीला दुखायलंय. फोन सोडा. जीप बोलवायचीय."

"म्हणूनच तर! हीच ती वेळ. आत्ता आकडे सांगितलेत तर अनुष्ठान आत्ता सुरू होईल. तुमच्या हातात आहे सगळं."

आतून वैष्णवी ओरडली, "आई!"

"न्हाई," मी म्हणाले, फोन कट केला आणि परमेश्वरला लावला.

जीप आली. शेजारची मनिषा मास्तरांना निरोप द्यायला शेताकडे पळाली. परभणीचा रस्ता तोच नेहमीचा, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, पण मला काही दिसत नव्हतं. तोंडातून गेलेला तो एक शब्द मला ऐकू येत होता. इतके महिने सांभाळला आणि ज्या घडीला सांभाळायचा त्याच घडीला टाकला. मी नामस्मरण करू लागले तर नाम जिभेवर येईना, तोच शब्द येई. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तू का रडायलीस?" वैष्णवी दात आवळून म्हणाली. "दुखायलंय मला!"

"काकू, हौसला ठेवा," परमेश्वर आरशातून म्हणाला. "म्या आजवर कुणाला रस्त्यात बाळंत होऊ दिलं न्हाई."

दवाखान्यात तिला आत नेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळाचे ठोके मंदावलेत, लगेच ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. खिडकीतल्या माणसानं पैसे भरायला कार्ड मागितलं. मी पिशवीतून काढून दिलं, त्यानं यंत्रात घातलं, मी आकडे दाबले. कागद बाहेर आला. त्या कागदाकडे बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पैसे होते म्हणून दार उघडलं, एवढं खरं. पण ठोके मंदावले ते कशानं?

बाकावर बसले. दिवा लागलेल्या दाराकडे बघत होते. आणि मनात एक विचार आला, त्याचं मला आजही भय वाटतं. त्याला फोन करावा. खात्यात अजून काही उरलंय. आकडे सांगून टाकावेत, सगळे. एवढं करून आतले ठोके वाढणार असतील तर माझं काय जातं? मी फोन हातात घेतला.

तो आपणहून वाजला.

"माताजी, फोन बंद केलात तुम्ही. काही झालं ना? मी म्हणालो होतो. वैष्णवीताई आत आहेत? अजून वेळ गेलेली नाही. लेकीचा जीव मोठा की पैसा मोठा, तुम्हीच ठरवा."

ओठ उघडले तर मी आकडे सांगणार की काय सांगणार, मलाच ठाऊक नव्हतं.

"दादा," मी म्हणाले, "श्रावणात तुमी देवाच्या नावानं मागितलंत. मी दिलं. आज तुमी देवाचं नाव एकदाबी घेतलं न्हाई. माझ्या लेकीचं घेतलंत. तिच्या जिवाचं भय घालून मागायलात. तसल्या मागण्याचा नेम मी धरलेला न्हाई."

"विचार करा, माताजी. तळतळाट लागेल."

"लागू द्या. मला लागू द्या. न्हाई म्हणते मी."

तो बोलत राहिला. आता माताजी नव्हतं, जय श्रीकृष्ण नव्हतं. पोटातल्या लेकराबद्दल जे बोलला ते मी लिहिणार नाही. सगळं ऐकून घेतलं. तो थांबला तेव्हा फोन ठेवला. बोलले खरी, पण मनात शंका आली. आपण देवाशी वकिली तर केली नाही ना? शब्दात पकडून सुटका तर करून घेतली नाही ना? कुणाला विचारणार.

दार उघडलं. "मुलगी झाली, आजी. बाळंतीण बरी आहे." सिस्टर घाईत होती. "बाळ उशिरा रडलं. वजन कमी आहे. काचेच्या पेटीत ठेवलंय. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही."

मास्तर आले ते चिखलाच्या पायांनीच. संध्याकाळी योगीराज आले. मी त्यांना सगळं सांगितलं. नेम, श्रीराम, कोड, सगळं. योगीराजांनी तो नंबर बंद करून टाकला आणि म्हणाले, "सायबरवाल्यांकडं तक्रार देतो, मामी. तुमी जेवा आधी." मास्तर कधी चेष्टा चुकवत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसून राहिले. त्यानं मला जास्तच भीती वाटली.

सकाळी ते दोघे औषधं आणायला खाली गेले. मी काचेबाहेर उभी होते. आत नळ्या, कापूस, आणि मुठीएवढं काहीतरी. छाती भराभर वर खाली होत होती, मध्येच थांबल्यासारखी वाटायची. तेव्हा मीही श्वास धरायची.

फोन वाजला. अनोळखी नंबर. पण उचलला.

"गुड मॉर्निंग मॅडम, मी आमच्या पर्सनल लोन ऑफरबद्दल..." मुलीचा आवाज होता. कोवळा, पाठ केलेलं बोलणारा.

"नको बाळा," मी म्हणाले. "मला नात झाली काल."

ती अडखळली. "अरे वा. अभिनंदन, मॅडम."

नेहमीसारखं तुझं भलं होवो म्हणून ठेवायचं होतं. पण ज्यांना विचारायला हवं होतं त्यांच्यापैकी कुणालाही जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते तोंडून निघालं.

"काचेत ठेवलीय गं. जगंल का ती?"

पलीकडे बऱ्याच जणांच्या बोलण्याचा गोंगाट ऐकू येत होता. सगळे काहीतरी विकत होते.

"मला कसं सांगता येईल, आजी," ती हळूच म्हणाली. "पण तुम्हाला चालत असेल तर मी थांबते थोडा वेळ. लाइनवर."

"तुला कुणी रागवंल."

"रागवू देत."

आम्ही दोघी बोललो नाही. मी काचेतून बघत होते. आतली सिस्टर वाकली, नळी सरळ केली, काहीतरी लिहिलं. मग दार ढकलून बाहेर आली.

"वैष्णवीची आई कोण? बाळ चोखायला बघतंय. आईचं दूध काढून आणा, वाटी-चमचा उकळलेला पाहिजे. हाय का तुमच्याकडं?"

"आणते," मी म्हणाले. "आत्ता आणते."

कानाशी फोन तसाच होता. पलीकडची पोरगी म्हणाली, "जा आजी, जा तुम्ही."