पाणकावळ्यांचा पंच

तिसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं, आणि राजन ते उगाच बोटाने फिरवत बसला होता – टाके घालावेत, की तोडूनच टाकावं... आज शेवटचा सामना, मग कोटाला बटण असलं काय नि नसलं काय. कोटही मुळात सिमेंट फॅक्टरीच्या प्रयोगशाळेतला, आणि सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलेलं.

"बाबा, फुटी अगेन?" मुग्धाने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"आज शेवटचं."

"म्हणजे तुझे पाणकावळे उडाले एकदाचे," त्याची बायको साधना स्वयंपाकघरातून म्हणाली. क्लबचं नाव 'कॉर्मोरंट्स'. त्याचं मराठी बारसं तिने पहिल्याच वर्षी केलं होतं. शुक्रवार म्हणजे इथला रविवार, आणि दर हिवाळ्यातले शुक्रवार हे पाणकावळे गिळत आले, याबद्दल ती कधी तक्रार करत नसे. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटे.

खाडीच्या कडेने गाडी चालवताना त्याला चौऱ्याण्णव सालचा तो दरवाजा आठवला – प्रयोगशाळेचा. बाहेर मेंटेनन्सचा मॅनेजर ग्लेन उभा, ऑस्ट्रेलियन, उन्हाने लालबुंद. फॅक्टरीतल्या ऑस्ट्रेलियनांनी अमिरातीतल्या उम्म अल कुवैनसारख्या झोपाळू गावात आपला फुटबॉल, म्हणजे 'फुटी', आणायचं ठरवलं होतं. चेंडू लंबगोल, मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. आणि खांबांमागे झेंडे हलवायला पांढऱ्या कोटातला पंच. "कोट तर तू घालूनच आलायस, मेट. विल यू डू द फ्लॅग्ज?" राजन म्हणाला, "आय विल सी." म्हणजे, बघतो. आपल्याकडे माणूस 'बघतो' म्हणाला की समोरचा काय ते ओळखतो आणि विषय बदलतो. ग्लेनने ऐकलं – बघून घेतो, तू काळजी करू नकोस. शुक्रवारी दुपारी बिल्डिंगखाली हॉर्न वाजला, आणि दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं...

खांब परांचीच्या पाइपांचे, रेघा फॅक्टरीतल्या चुन्याच्या, जमीन खारी – पडला की गुडघा सोलून निघायचा. माणसं पुरेनात म्हणून एक स्कॉटिश वेल्डर आणि एक लेबनीज स्टोअरकीपर घुसवलेले. त्यांनी तो चेंडू जन्मात पाहिलेला नव्हता. पहिली दोन वर्षं नुसती हार. एकदा मैदानाच्या मधोमध उंट येऊन बसला, तो उठेपर्यंत सगळे बिअर पीत राहिले. मग अठ्ठ्याण्णवची फायनल, शेवटी खांबाला लागून गेलेला चेंडू, राजनने वर केलेलं एक बोट, आणि त्या एका गुणाने पाणकावळे जिंकले. ग्लेनने त्याला खांद्यावर घेतलं होतं. आनंद झाला होता का मला? झाला असेल. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच – आडदांड माणसांची झुंड अंगावर येतेय, आणि आपल्याला नीट दिसलंच नाही तर...

आता फॅक्टरी विकली गेली होती, निम्मे ऑस्ट्रेलियन परतले होते, आणि क्लब दुबईच्या क्लबात विलीन होत होता. ग्लेन आज विचारणार, पुढच्या मोसमाचं. आज 'बघतो' नाही. आज स्वच्छ 'नो'. बंद काचांच्या आत त्याने तो शब्द म्हणून पाहिला, तर आवाज चिरका आला.

पाणकावळे हरले, शेवटचं हरणंही सवयीने, हसतखेळत. ग्लेन आइसबॉक्सवर बसून गुडघ्याला बर्फ लावत होता.

"दुबईला झेंडे कोण हलवणार, राजन? यू?"

"नो, ग्लेन." आणि मग, ठरवलं नव्हतं तेही बाहेर पडलं – "मला कधीच नको होतं. पहिल्या दिवसापासून."

ग्लेनने बर्फ बाजूला ठेवला. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, चेहरा हातात धरून.

"मेट... दुबईवाले कधीपासून ट्रेन्ड पंच देतो म्हणतायत. दर वर्षी आम्हीच नको म्हणतो. म्हटलं, राजनची जागा आहे, त्याच्या मनाला लागेल."

"माझ्या?"

"एक शुक्रवार चुकवला नाहीस तू. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला दुसरं काही नाही."

राजन गाडीकडे चालत आला. रागवायला हवं होतं. त्याने राग शोधला, तो सापडेना. त्यांना नको असलेला पंच आणि त्याला नको असलेलं काम – दोन्ही बाजूंनी एकमेकांचं मन इतकी वर्षं जपलं, आणि जपता जपता एक आख्खा क्लब उभा राहिला, जिंकला, संपला. बिचारा म्हणे... त्याला हसू आलं, मग मोठ्याने आलं, आणि छाती इतकी हलकी झाली की कोटासकट तो तसाच बॉनेटवर बसला.

आणि साधना? शुक्रवारची दुपार, मुग्धा झोपलेली, घरात दुसरं कुणी नाही... तिला मी घरी हवा होतो, की ती शांत दुपार तिला आवडायची आणि माझ्या मनाला लागेल म्हणून ती गप्प राहायची? आजवर हा प्रश्न मनात आला असता तर त्याने तो तिथेच दाबला असता. आता तो त्या प्रश्नाकडे टक लावून पाहत बसला. उत्तर काहीही असो, ते ऐकायची त्याला उत्सुकता वाटत होती.