नवीन आजी, खोली नंबर सहा

आईचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टर म्हणाले की निदान तीन महिने हिच्याजवळ चोवीस तास माणूस लागेल. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मी दिवसभर नकाशे छापणाऱ्या कचेरीत. एखादं शुश्रूषा केंद्र बघू या, असं मी चाचरत म्हणालो. आईने रडारड केली नाही, फक्त अट घातली.

"आधी धाकटीला दाखव. ती हो म्हणाली तर जाईन."

धाकटी म्हणजे माझी मावशी. चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. आम्ही तिला मेट्रनमावशीच म्हणतो. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी तिच्यादेखत पलंगावर ओला टॉवेल टाकायची आमच्या घरात कुणाची छाती होत नाही.

मी एकेचाळीस प्रश्नांची यादी छापून घेतली होती. मावशीने ती गाडीत वाचली. "परवाना, डॉक्टर किती वाजता येतात, आग लागली तर वाट कुठली... बरी आहे. पण याची उत्तरं मॅनेजरला पाठ असणार. तू आत जा, त्याला गुंतव. मी जरा मागे रेंगाळते."

"आणि काय करशील?"

"वास घेते."

केंद्राची कोपऱ्यावरची दुमजली इमारत बाहेरून चकचकीत होती. मॅनेजर तिशीचा, इस्त्रीतला, हसरा. त्याने मला ऑफिसात बसवलं. एवढ्यात भलीमोठी बॅग घेतलेल्या एक वयस्कर बाई आत आल्या आणि न विचारता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, इथल्याच कुणी असतील. मावशीही येणार आहे हे मी फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे मॅनेजरला वाटलं, हीच ती. तो मान लववून म्हणाला, "या मावशी, तुमचीच वाट बघत होतो."

"बघायलाच हवी," बाई म्हणाल्या. "जावई गाडी लावायला गेलेत. ते येईपर्यंत मला इथलं सगळं खरं खरं सांगा."

जावई कोण, हे मला कळेना. पण बाई इतक्या ठामपणे बसल्या होत्या की विचारायचा धीर झाला नाही.

दाराशी काय झालं ते मला नंतर कळलं. मावशीला तिथे चाकाची खुर्ची दिसली. ब्रेक लागतो का, हे बघायला ती त्या खुर्चीत बसली. ब्रेक लागत होता. तेवढ्यात कडेवर चादरींचा गठ्ठा घेतलेली एक मदतनीस धावत आली.

"आलात का आजी? आजच्या नवीन तुम्हीच ना? चला, खोली नंबर सहा."

नाही म्हणायला मावशीने तोंड उघडलं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते आपोआप "हो" म्हणालं.

मदतनिसीने तिला खोलीत नेलं, उशी थोपटली, ताप बघितला, "घाबरू नका हं, दोन दिवसांत रुळाल" म्हणून पाठीवरून हात फिरवला आणि पळाली. मावशी कामाला लागली. घंटा वाजवून तिने घड्याळ लावलं. अकरा मिनिटांनी तीच मदतनीस धापा टाकत हजर.

"काय हवंय आजी?"

"काही नाही. ही बघ, न्हाणीघरातली दांडी हलतेय."

"माहितीये. तीनदा सांगून झालंय." मदतनिसीने ओढणीने घाम पुसला. "तुम्ही धरू नका तिला. मला हाक मारा, मी धरते तुम्हाला."

"या मजल्यावर किती जणी आहात?"

"दोघी. त्यातली एक रजेवर आहे."

"म्हातारे किती?"

"तुम्ही धरून एकोणीस."

इकडे ऑफिसात मॅनेजर मला भिंतीवरच्या पडद्यावर हसऱ्या आजीआजोबांचे फोटो दाखवत होता. आग लागली तर मागचं दार, असं तो म्हणाला.

"त्याला सोफा लावलाय," बॅगवाल्या बाई म्हणाल्या. "मी बाहेरून चक्कर मारून आले. काचेतून दिसतो." मग म्हणाल्या, "दुपारी झोपायची सक्ती आहे का? मी दुपारी झोपत नाही. मी रेडिओ ऐकते, मोठ्याने."

"तुम्ही भेटायला याल तेव्हा खुशाल ऐका, मावशी!"

"भेटायला? कुणाला?"

मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. दोघांनाही वाटलं, समोरच्याला कळलंय.

दार धाडकन उघडलं. चाकाच्या खुर्चीत मेट्रनमावशी, मागे पांढरीफटक पडलेली मदतनीस. मावशीच्या तळहातावर दोन गोळ्या.

"या आत्ता मला दिल्या. रक्तदाब उतरवायच्या. माझा मुळात कमी असतो. घेतल्या असत्या तर आता मला जमिनीवरून उचलायला चौघं लागली असती, आणि तुमच्याकडे आहे एक."

"पण तुम्ही कोण?" मॅनेजर म्हणाला.

"ती माझी मावशी," मी म्हणालो.

"मग या कोण?"

"मी नवीन," बाई म्हणाल्या. "मघापासून सांगतेय, जावई गाडी लावायला गेलेत."

मॅनेजरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण समोर दोन आज्या तशाच होत्या. मग त्याचा पारा मदतनिसीवर चढला. "नाव विचारता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस!"

मदतनिसीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मावशी खुर्चीतून उठली. ती मुळात बुटकी, पण उभी राहिली की खोली लहान होते.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एकाची गोळी दुसऱ्याला दिली होती," ती सावकाश म्हणाली. "रात्रपाळीला एकटी होते. तो माणूस वाचला. मला कुणी काढलं नाही, तर मोठ्या सिस्टरने जोडीला एक मुलगी दिली. नाहीतर मी आणखी चुकले असते. हिला काढलंत तर या एकोणीस जणांना तुम्ही बघणार आहात का?"

बॅगवाल्या बाई म्हणाल्या, "यांचं बरोबर आहे. बसा तुम्ही, लिहून घ्या."

आणि तो खरंच लिहायला बसला. मनगटाला नावाची पट्टी. मजल्यावर तिघी, रजा असली तरी. सोफा आज, आत्ता. दांडी. माझे एकेचाळीस प्रश्न घडीत तसेच राहिले.

परतताना मी म्हणालो, "म्हणजे ही जागा बाद."

"बाद कशाला?" मावशी म्हणाली. "वास नाही, चादरी कोरड्या, आणि ती पोरगी धावते. नुसत्या चकचकीत जागी कुणी धावत नाही. पंधरा दिवसांनी न सांगता येऊ."

पंधरा दिवसांनी गेलो. मागचं दार मोकळं होतं. मजल्यावर तिघी होत्या. घंटा वाजवल्यावर तीन मिनिटांत माणूस आलं. दांडी मात्र हलत होती, आणि तिच्यासमोर मॅनेजर स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन उकिडवा बसला होता. मावशीने त्याच्या हातातून तो काढून घेतला.

पुढच्या सोमवारी आईला पोचवलं. तिने खिडकीजवळचा पलंग मागितला, मिळाला. मावशीने गादी दाबून बघितली, पाण्याचा तांब्या हाताशी येतो का ते बघितलं, बहिणीच्या केसातली पिन नीट केली आणि निघाली. गाडीत बसल्यावर तिने वळून त्या खिडकीकडे बघितलं.

"तीनच महिने तर आहेत," मी म्हणालो.

"मला मोजता येतं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून काच खाली केली.