कंट्रोलचं बटण

बोलतोय तो मी, एक कीबोर्ड. काळ्या प्लास्टिकचा, डाव्या अंगाला चिरलेला. माझी बरीच बटणं उडाली आहेत, तेव्हा बोलताना एखादं अक्षर गळलं तर सांभाळून घ्या.

जन्म माझा कारखान्यातला. साच्यातून निघालो, अंगावर अक्षरं उमटली आणि एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं. तिचा हात इतका हलका होता की जगात सगळ्यांचे हात असेच असतात असं मी समजून बसलो.

तिथून मी आलो दोन भावांच्या घरी. त्यांचा धंदा पाडकामाचा. जुन्या इमारती, गोदामं, धुराडी; जे उभं असेल ते आडवं करून द्यायचं. बाहेरच्या खोलीतच त्यांचं ऑफिस होतं. एक टेबल, त्यावर घरचाच कॉम्प्युटर, भिंतीला काचेच्या दारांचं कपाट आणि उंबऱ्याशी चुन्याने पांढरेफटक झालेले बूट. थोरल्याला घरात दादा म्हणत. मजूर पाठीमागे त्याला 'घण' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. धाकटा मशीन चालवायचा. कॉम्प्युटरचं दुखणंखुपणंही तोच बघायचा. माझ्याशी रोजचा संबंध वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा. दरपत्रकं, हजेरी, पत्रव्यवहार, सगळं तीच टाइप करायची.

त्या घरात शांतता अशी नव्हतीच. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. ट्रक उशिरा आला तर ड्रायव्हरच्या थोबाडीत. दादाचा हात आधी उठायचा आणि विचार मागून धापा टाकत यायचा. धाकटा हात उचलायचा नाही, पण त्याची जीभ अशी होती की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

एक दिवस हातात आलेलं काम दुसऱ्याने पळवलं. तसा निरोप स्क्रीनवर आला. दादाने तो वाचला, मूठ आवळली आणि माझ्या डाव्या कोपऱ्यावर हाणली. माझं कंट्रोलचं बटण आत गेलं आणि पुरतं वर आलंच नाही.

हे बटण एकटं काही करत नाही. पण ते दाबलेलं असताना दुसरं बटण दाबलं, की त्या अक्षराचा हुकूम होतो. एका अक्षराने चालू कागद बंद होतो, एकाने सगळा मजकूर निळा होतो, एकाने तो कापला जातो. माझं बटण कधी सुटायचं, कधी अडकायचं. वहिनी दोन ओळी नीट टाइप करायची आणि तिसऱ्या ओळीला पान गायब. ती टाइप करायचा प्रोग्राम पुन्हा उघडायला जायची, तर तो विचारायचा, सेफ मोडमध्ये उघडू का? माझं हे बटण दाबलेलं असताना उघडला की तो असंच विचारतो.

"सॉफ्टवेअर गंडलंय," धाकटा म्हणाला.

त्याने दुरुस्तीला हात घातला. प्रोग्रामला बाहेरून जोडलेल्या जास्तीच्या सोयी एकेक करून बंद केल्या. दुरुस्तीचा पर्याय चालवला. शेवटी सगळं सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. दर वेळी थोडा वेळ बरं वाटायचं आणि परत तेच. दर वेळी दादा मागून यायचा, "झालं का शहाण्या?" विचारायचा आणि जाता जाता त्याच्या डोक्यात टपली मारायचा. टपल्या दिवसागणिक जड होत गेल्या. एकदा तर धाकट्याचं नाक स्क्रीनवर आपटलं. त्याने नाक पुसलं आणि पुन्हा माउस हातात घेतला.

मग तो दिवस आला. एका बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं पाडायचं होतं. दरपत्रक दुपारच्या आत गेलं नाही, तर हंगामभर हात चोळत बसायचं. वहिनी टाइप करत होती, दोघे भाऊ तिच्या मागे उभे होते. पान भरत आलं, निळं झालं, पांढरं झालं.

"गेलं," वहिनी म्हणाली.

"काल दुरुस्त केलं म्हणालास ना?" दादाने विचारलं.

"केलं की. काढून परत टाकलं. आता काय आत शिरून बसू?"

"फुकटातलं आणून घातलंस. तुझ्यासारखंच बिनकामाचं."

"मग तू कर, दादा. पण त्याला वाचायला लागतं. नुसतं डोकं आपटून चालत नाही." आणि धाकटा हसला.

दादाने मला उचललं. वायर ताणली गेली आणि खटकन निघाली. मी हवेत फिरलो आणि धाकट्याच्या डाव्या कानावर आदळलो. पहिल्या फटक्याला माझं अंग चिरलं. दुसऱ्याला बटणं दाण्यांसारखी खोलीभर उडाली. तिसऱ्याला माझ्या फटींमधून काहीतरी गरम आत झिरपलं. बोटं मला ठाऊक होती. कवटी किती टणक असते ते मला त्या दिवशी कळलं.

धाकटा गुडघ्यावर आला आणि तिथूनच त्याने दादाच्या पोटात मुसंडी मारली. दोघे कपाटावर कोसळले. काच फुटली आणि तिचा एक तुकडा दादाच्या दंडात घुसला. मी टेबलाखाली पडलो होतो. तिथून मला फक्त पाय दिसत होते, आणि जमिनीवरच्या काचांवरून रक्त ओढलं जात होतं.

"आज संपवतोच तुला," धाकटा दादाचा गळा आवळत म्हणाला.

"भाऊजी, सोडा! अहो, सोडा म्हणते ना!" वहिनी मध्ये पडली. कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. तिने खुर्ची उचलली आणि दोघांच्या अंगावर घातली. मगच ते सुटले.

वहिनी टेबलाला टेकली. तिचा हात सवयीने माउसवर गेला. प्रोग्राम उघडला. त्याने काही विचारलं नाही. दरपत्रकाचा जुना कागद उघडला, तो उघडाच राहिला. वहिनी बघत राहिली. मग तिने लोंबणारी वायर पाहिली, खाली वाकून मला उचललं आणि माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"अहो," ती म्हणाली, "सॉफ्टवेअरला काही झालंच नव्हतं. हे बटण आत रुतलंय. तुम्ही मूठ मारलीत ना, तेव्हापासून."

दादाने दंड धरून माझ्याकडे पाहिलं. "मग आधी सांगता येत नव्हतं?" तो तिच्यावर खेकसला.

वहिनीने मला कापडी पिशवीत घातलं, दिराला आधार देऊन रिक्षात बसवलं आणि दवाखाना गाठला. कानाचा पडदा फाटलाय, आतलं हाडही गेलंय, या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथून ती सरळ पोलीस ठाण्यात गेली आणि मला टेबलावर ठेवलं.

"ह्याने मारलं," ती म्हणाली.

"कुणी?"

"माझ्या नवऱ्याने."

कोर्टात मला सगळ्यांसमोर मांडलं. वकिलाने दादाला पढवून ठेवलं होतं, हातातून निसटला म्हणा. दादा उभा राहिला. माझ्यावरचे वाळलेले डाग त्याला दिसले असावेत.

"निसटला नाही, साहेब," तो म्हणाला. "मी मारला. पहिला फटका रागाने मारला. पुढचे मारताना मला बरं वाटत होतं."

धाकटा डावा कान दादाकडे करून बसला होता. त्याला नीट ऐकू आलं नाही. "वहिनी, काय म्हणाला दादा?" त्याने विचारलं.

तिला गोड करून सांगता आलं असतं. ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली आणि दादाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. धाकट्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. दादाला तुरुंगवास झाला तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

आता मला मुद्देमाल म्हणतात. कोठारात एक सुरा आणि एक लोखंडी गज माझे शेजारी आहेत. मुदत सरली की आम्हाला मोडून टाकतील. त्याआधी एवढंच सांगतो. तुमच्या घरी कॉम्प्युटर अडला, तर खुर्चीवरून उठा, खोलीबाहेर एक फेरी मारून या आणि मग तुमच्या कीबोर्डला उलटं करून बघा. तो थांबेल. आम्हाला घाई नसते.

मला मोडणारे हात येतील, तेव्हा ते रागात नसावेत, एवढीच माझी इच्छा आहे.