पिवळ्या टोपाखालचा चेहरा

मी एक जुना केसांचा टोप आहे. पिवळा. मित्रांनो, समोरूनच बघा. मागं टक्कल पडलंय.

किरगीझ राजधानीत, बिश्केकच्या स्टुडिओत रंगभूषा करणाऱ्या ल्युबामावशीनं मला एका पिवळट घोडीच्या शेपटीच्या केसांपासून विणलं. ती घोडी कधी स्वस्थ उभी राहिली नसावी. मीही राहत नाही. खुंटीवर सळसळतो, डोक्यावर टोचतो.

आमच्याकडचं भूत म्हणजे आल्बारस्ती. पिवळ्या केसांची, बाळंतिणीच्या उरावर बसणारी. जो तिचा एक केस उपटून लपवेल, त्याचं तिला ऐकावंच लागतं. म्हणून प्रत्येक भयपटाच्या शेवटी माझा केस उपटतात. मनासारखं जमेपर्यंत, पुन्हा पुन्हा. टक्कल त्यामुळेच.

कौतुक? झालं. थेटरात लोक मला बघून किंचाळले. माझ्याखाली कोण, हे कोणी विचारलं नाही.

झुखरा. पूर्वी चीनमधून इथं आलेल्या दुंगान समाजातली नटी. दरवेळी तीच. जेवताना माझी बट तिच्या अशलान-फूच्या वाटीत, तिखट रश्श्यात पडायची. ती बट निथळून म्हणायची, "तूही जेव."

मग नवा भयपट ठरला. एकात पाच गोष्टी, पाच समाजांच्या. "यात सगळे दिसणार," असं दिग्दर्शक तेमिरकान सांगत सुटला. झुखरानं आईचे भरतकामाचे जोडे आणले, दुंगान गोष्टीतल्या बाळंतिणीसाठी.

जोडे कानिशायच्या पायात गेले. ती नावाजलेली किरगीझ नटी. झुखराच्या वाट्याला आलो मी.

"बाइके, दुंगान बाई मी आहे," झुखरा तेमिरकानला म्हणाली. बाइके म्हणजे आमच्याकडे दादा.

"मग? आहेस ना तू पडद्यावर."

"टोपाखाली."

"लोक कानिशायला ओळखतात गं."

"मला कसे ओळखतील? माझं तोंड तुम्ही कधी दाखवलंत?"

ल्युबामावशी ब्रश धूत होती. "माझे केस तर खरेच पिवळे," ती म्हणाली. "मेलं कोणी घाबरत नाही मला."

सगळे हसले. झुखरा नाही. तिनं मला काढलं आणि तेमिरकानच्या डोक्यावर चढवलं. बटा थेट त्याच्या नाकापर्यंत.

"काही दिसतंय, बाइके?"

"काही नाही."

"आम्हालाही तुम्ही दिसत नाही."

आणि तिनं माझा एक केस उपटला. मूठ खिशात.

मी सळसळलो; तेमिरकान शिंकला.

"आता ऐकावं लागेल," ल्युबामावशी म्हणाली. "नियम तुमचाच. इतकी वर्षं दाखवताय."

त्यानं माझ्या बटा डोळ्यांवरून सारल्या. घामानं मी ओला झालो. शेवटी म्हणाला, "बरं. पण मग भूत कोण?"

कानिशाय जोडे काढतच होती. "मी. रडक्या बाळंतिणी करून कंटाळलेय. एकदा कोणाच्या तरी उरावर बसू दे."

सिनेमा लागला. पडद्यावर झुखराचा चेहरा आला, घाबरलेला, पूर्ण उघडा. मागच्या रांगेतली एक दुंगान म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं, ही तर आपल्यातली." किंचाळी त्यानंतर आली.

मित्रांनो, टोपाला ऊन दाखवा, हळू विंचरा. आणि कुणाच्या डोक्यावर ठेवण्याआधी तिला विचारा.

तो केस अजून झुखराकडे आहे, म्हणजे मीही तिच्या शब्दाबाहेर नाही. तिनं एवढंच सांगितलंय, "मी बोलावल्याशिवाय यायचं नाही."

मी खुंटीवर आहे. सळसळतोय. पण थांबलोय.